जादू कधी संपते

नव्याने खेळायला बसलेला माणूस पहिल्या तासाभरात एक प्रश्न हमखास विचारतो. पात्र निवडायची यादी समोर असते. तिच्यात विझार्ड असतो, सॉर्सरर असतो, वॉरलॉक असतो. तो म्हणतो, ‘‘हे तिघंही जादूच करणार ना? मग तीन-तीन कशाला?’’ टेबलाभोवतीचे जुने खेळाडू एकदम बोलायला लागतात. विझार्ड जादू शिकलेला असतो, सॉर्सररच्या ती रक्तात असते, वॉरलॉकने कुणाशी तरी करार केलेला असतो, वगैरे. उत्तर बरोबर आहे, नियमपुस्तकातही तसंच छापलंय. पण विचारणाऱ्याचं त्याने समाधान होत नाही, आणि होऊही नये. पोथीतून आलेला असो की रक्तातून, फायरबॉल तो फायरबॉलच : २० फूट त्रिज्येचा आगीचा गोळा, सहा बाजूंचे ८ फासे, सरासरी २८ नुकसान. भाजणाऱ्या गॉब्लिनला टाकणाऱ्याच्या कुळाशी काय देणंघेणं?

हे पुस्तक त्या प्रश्नासाठी लिहिलं आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये पूर्ण वेळ जादू करणारे सहा क्लास, म्हणजे पात्रांचे प्रकार, आहेत : विझार्ड, सॉर्सरर, वॉरलॉक, क्लेरिक, ड्रुइड आणि बार्ड. त्यांची जादू कुठून येते हे विचारत बसलं तर सहा सुरस कहाण्या ऐकायला मिळतात आणि तुलना तिथल्या तिथेच राहते. ती संपते कधी आणि पुन्हा भरते कशी, हे विचारलं की गाठी सुटायला लागतात. पुढच्या सगळ्या प्रकरणांत मी हाच एक प्रश्न धरून बसलो आहे. काही वाचकांना त्याचा कंटाळा येईल, पण इलाज नाही.

ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम. तो जग उभं करतो, त्यातले राजे, चोर, राक्षस बोलवतो. बाकीचे एकेक पात्र चालवतात. हार-जीत अशी नसते. गोष्ट पुढे सरकत राहते, आणि जिथे काय होईल याची खात्री नसते तिथे फासा पडतो, बहुतेक वेळा २० बाजूंचा. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनीव्हा नावाचं गाव आहे. तिथला गॅरी गायगॅक्स आणि शेजारच्या मिनेसोटातला डेव्ह अर्नेसन या दोघांनी १९७४ साली हा खेळ बाजारात आणला. टीएसआर या गायगॅक्सच्या चिमुकल्या कंपनीने तीन पुस्तिकांच्या १००० पेट्या काढल्या. क्लास तेव्हा तीनच होते : फायटिंग-मॅन, मॅजिक-यूजर आणि क्लेरिक.

गायगॅक्स मूळचा युद्धखेळांचा माणूस, ही गोष्ट विसरून चालत नाही. १९७१ साली त्याने जेफ पेरेनबरोबर ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन लढायांचे नियम लिहिले होते. टेबलावर छोटे सैनिक मांडायचे आणि मोजपट्टी घेऊन लढाई खेळायची. त्याच्या शेवटी जोडलेल्या अद्भुताच्या पुरवणीत जादूगार येतो, आणि तो येतो तोफखाना म्हणून. त्याचा फायरबॉल मोठ्या दगडफेक्या यंत्राइतक्या जागेवर पडतो, त्याची वीज जड तोफेच्या माऱ्याएवढी जागा व्यापते, असं तिथे चक्क लिहिलेलं आहे. या खेळातली जादू अशी दारूगोळ्याच्या शेजारी जन्मली. तोफखाना म्हटला की गोळे किती उरले हा प्रश्न येतोच. कादंबरीतला जादूगार लेखकाच्या सोयीने थकतो. टेबलावर समोर जिता-जागता खेळाडू असतो आणि तो प्रत्येक वळणावर म्हणणार, मी परत तेच करतो. त्याला ‘‘नाही, संपलं’’ असं सांगायला नियम लागतो.

तो नियम गायगॅक्सने जॅक व्हान्सकडून उचलला. व्हान्सचं ‘द डाइंग अर्थ’ १९५० सालचं. सूर्य विझत आलेल्या पृथ्वीवरच्या त्या कथांमध्ये जुन्या काळच्या हजाराहून जास्त मंत्रांपैकी जेमतेम शंभर उरले आहेत. जादूगार ते पोथीतून डोक्यात भरतो, आणि एकदा उच्चारला की मंत्र डोक्यातून पुसला जातो. माझिरियन नावाचा जादूगार कठोर सराव करून एका वेळी चार मोठे किंवा सहा लहान मंत्र डोक्यात ठेवू शकतो, त्याहून जास्त नाही. गायगॅक्सला हे फार आवडलं असणार, कारण त्यात आकडा आहे. या उसनवारीची त्याने कधी लपवाछपवी केली नाही. खेळातला मेलेला महाजादूगार व्हेक्ना हे नाव व्हान्सच्याच नावाची अक्षरं फिरवून केलेलं आहे.

आपल्याकडच्या वाचकाला इथे पहिल्यांदा ठेच लागते. आपण वर आणि शापांच्या गोष्टींवर वाढलेलो. आपल्या कथेत तपश्चर्या वर्षानुवर्षं चालते, वर एकदाच मिळतो, आणि मग कथेची सगळी गंमत त्या वराच्या अटीत असते : दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही. मिळवलेली विद्या रोज सकाळी नव्याने भरायची आणि रात्रीपर्यंत खर्चून टाकायची, ही कल्पना आपल्या पुराणात बसत नाही. जवळचं असं एकच उदाहरण मला आठवतं, ऐन वेळी ब्रह्मास्त्र न आठवणारा कर्ण. पण ती शोकांतिका आहे, आणि शापामुळे घडलेली. व्हान्सच्या जगात प्रत्येक जादूगाराची प्रत्येक लढाई तशी संपते आणि त्याबद्दल कुणी डोळ्यांत पाणी आणत नाही.

जुना मॅजिक-यूजर खेळणं म्हणजे डबा भरून घराबाहेर पडणं होतं. सकाळी काय भरलं ते दुपारी निघणार. ‘स्लीप’ भरला आणि समोर कुलूपबंद दार आलं, तर दारासमोर बसून राहायचं. पहिल्या पातळीवर तर डब्यात एकच घास. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीनंतर त्याचा जीव चार बाजूंच्या एका फाशाएवढा झाला. म्हणजे फासा वाईट पडला तर मांजराच्या ओरखड्यानेही मेला असता. वरच्या पातळीवर जायला क्लेरिकला १५०० अनुभवगुण पुरत, याला २५०० लागत. १९७८ च्या ‘प्लेअर्स हँडबुक’च्या जमान्यात मंत्राच्या पातळीमागे १५ मिनिटं पोथी वाचावी लागे. थोर विझार्डने सगळा साठा रिकामा केला तर तो भरायला दिवसाहून जास्त वेळ जाई. बुद्धी कमी पडली तर काही मंत्र शिकताच येत नसत. टक्केवारीचा फासा टाकायचा, हुकला तर तो मंत्र तुमच्यासाठी नाही. आणि एवढं सोसून जो जगला वाचला, तो दहाव्या-बाराव्या पातळीला बाकीच्या सगळ्यांना झाकून टाकायचा. फायटर सरळ रेषेत वाढतो आणि विझार्ड वर्गाच्या पटीत, ही या खेळातली जुनी तक्रार तिथली आहे.

मला स्वतःला हा निर्दयी विझार्ड आवडतो. आजचा पाचव्या आवृत्तीचा विझार्ड कॅन्ट्रिप, म्हणजे न संपणारे छोटे मंत्र, कितीही वेळा टाकू शकतो, त्यामुळे त्याच्यावर रिकाम्या हाताने उभं राहायची वेळ कधी येत नाही. सकाळी निवडलेल्या मंत्रांपैकी कुठलाही, स्लॉट (मंत्र टाकायचे दिवसाचे ठरलेले वार) उरले असतील तितक्या वेळा वापरता येतो. खेळ सुसह्य झाला हे कबूल. पण विझार्डची खरी मजा आदल्या रात्रीच्या विचारात होती, आणि तो विचार आता निम्मा झाला. उरलेला निम्मा पोथीत आहे. सुरुवातीला सहा मंत्र, दर पातळीला दोन नवे, आणि बाहेर सापडलेला मंत्र उतरवून घ्यायचा तर त्याच्या पातळीमागे दोन तास आणि ५० सोन्याची नाणी. म्हणून पार्टीतला, म्हणजे पात्रांच्या टोळीतला, विझार्ड ओळखायचा असेल तर मेलेल्या शत्रू जादूगाराचं सामान कोण उचकतंय ते बघावं.

क्लेरिकचा जन्म मात्र पुस्तकातून झालेला नाही, भांडणातून झाला. अर्नेसनच्या ‘ब्लॅकमूर’ या खेळात एका खेळाडूचं पात्र व्हॅम्पायर होऊन बसलं आणि कुणालाच आवरेना. त्याला उतारा म्हणून दुसऱ्या खेळाडूला पुरोहित करून आणला. हॅमर फिल्म्सच्या ड्रॅक्युलापटांत पीटर कुशिंगने केलेला व्हॅन हेल्सिंग या पात्राच्या मुळाशी आहे. क्रॉस उगारला की भुतं मागे हटतात, हे क्लेरिकचं पहिलं काम. १९७४ च्या नियमांत पहिल्या पातळीच्या क्लेरिकला मंत्र एकही नव्हता, भुतं हाकलणं मात्र होतं. जखमा बऱ्या करण्याचं लोढणं पुढे गळ्यात पडलं आणि इतकं घट्ट बसलं की ‘‘या वेळी क्लेरिक कोण होणार?’’ या प्रश्नावर सगळे खाली मान घालून फासे मोजायला लागत. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने त्यावर तोड काढली. सकाळी कुठलाही मंत्र मागून घ्या, गरज पडली तर तोच मोडून जखम भरा.

माझ्या प्रश्नाच्या दृष्टीने क्लेरिक हा विझार्डचा उलटा आरसा आहे. विझार्डकडे जेवढं पोथीत आहे तेवढंच. क्लेरिकला आपल्या क्लासची अख्खी यादी रोज सकाळी खुली असते. म्हणजे चूक झाली तर ती एका दिवसाची. उद्या वेगळं मागता येतं. विझार्डचं दारिद्र्य वर्षांचं असतं, क्लेरिकचं आजच्यापुरतं. म्हणूनच तिसऱ्या आवृत्तीच्या काळात चतुर खेळाडूंना जेव्हा कळलं की क्लेरिक आणि ड्रुइड हे फायटरपेक्षा चांगले लढतात आणि वर जादूही करतात, तेव्हा फायटर खेळणाऱ्यांचे हाल झाले. आणखी एक गमतीची गोष्ट पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या पुस्तकात आहे. दहाव्या पातळीचा क्लेरिक थेट देवाला हाक मारू शकतो, पण फासा टक्केवारीचा, आणि दहाच्या आत पडला तरच देव धावतो. देवाने भक्ताचं ऐकायची शक्यता आकड्यात मांडणारा दुसरा ग्रंथ माझ्या पाहण्यात नाही. २०२४ च्या नव्या पुस्तकात देवाची ही टाळाटाळ बंद केली आहे. माझ्या मते खेळाचं त्यात नुकसानच झालं.

आता सॉर्सरर. तो २००० साली तिसऱ्या आवृत्तीबरोबर आला आणि डबा भरायला कंटाळलेल्यांसाठीच आला. तयारी नको, पोथी नको. येतात ते मंत्र कधीही टाका. किंमत अशी, की येतात ते फार थोडे. शिवाय तिसऱ्या पातळीचे मंत्र विझार्डला पाचव्या पातळीला मिळायचे, याला सहाव्या. २०१४ च्या पुस्तकात हा उशीर गेला, पण दारिद्र्य राहिलं. वीस पातळ्या चढून गेलेल्या सॉर्सररला १५ मंत्र येतात. विझार्ड नुसत्या पातळ्या चढूनच ४४ ला पोचतो, उतरवून घेतलेले वेगळे.

मग सॉर्सरर घ्यायचा कुणी? याचं उत्तर यादीत सापडत नाही, ते टेबलावर दिसतं. समजा सरदाराचा दरबार भरला आहे. पहारेकरी भालेवाले, कोपऱ्यात सरदाराच्या पदरचा विझार्ड उभा. पार्टीला सरदाराकडून तुरुंगाच्या किल्ल्या हव्यात आणि बोलणी फिसकटली आहेत. विझार्डकडे ‘चार्म पर्सन’ आहे, पण तो टाकायचा म्हणजे सगळ्यांदेखत मंत्र म्हणायचा आणि हात फिरवायचे. पहिल्या अक्षरालाच भाले खाली येणार, आणि कोपऱ्यातला तो गृहस्थ ‘काउंटरस्पेल’ टाकून मंत्र मोडणार. सॉर्सररकडे मंत्र वाकवायला सॉर्सरी पॉइंट असतात, त्यांपैकी एक तो खर्च करतो. त्याचे ओठ हलत नाहीत, बोट हलत नाही. कुणालाच काही दिसलं नाही, त्यामुळे मोडायलाही काही नाही. मंत्र तोच, यादीतला पहिल्या पातळीचा, विझार्डलाही पाठ असलेला. पण तो दरबारात वापरता येणं ही सॉर्सररची मिरास. थोडे मंत्र आणि ते वाकवायची मुभा, असा हा सौदा आहे. ज्या खेळाडूला चार हत्यारं नीट परजलेली आवडतात त्याने सॉर्सरर घ्यावा. दुकान भरलेलं आवडणाऱ्याने त्याच्या वाट्याला जाऊ नये.

वॉरलॉक सगळ्यांत उशिरा आला, तिसऱ्या आवृत्तीच्या ‘कम्प्लीट आर्केन’ या २००४ सालच्या पुरवणीत. त्याआधी तो येणं शक्यही नव्हतं. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत या खेळावर सैतानपूजेचा आळ आला, आया-बापांच्या संघटना उठल्या, आणि १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतून डेमन आणि डेव्हिल हे शब्दच काढून टाकून त्यांना बनावट नावं द्यावी लागली. त्या कंपनीने सैतानाशी करार करणारा क्लास काढला असता तर गहजब झाला असता. १९९७ मध्ये टीएसआर विझार्ड्स ऑफ द कोस्टने विकत घेतली, वारं बदललं, आणि वॉरलॉकला दार उघडलं.

पहिला वॉरलॉक माझ्या प्रश्नालाच बगल देत होता. त्याची जादू संपतच नसे. मोजक्या करामती, पण हव्या तितक्या वेळा. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत तो मुख्य पुस्तकात आला, आणि त्या आवृत्तीने जे केलं ते माझ्या म्हणण्याचा सगळ्यांत मोठा पुरावा आहे. तिथे सगळ्या क्लासना, अगदी तलवारवाल्या फायटरलासुद्धा, तीन प्रकारच्या शक्ती दिल्या : कितीही वेळा वापरायच्या, लढाईत एकदा वापरायच्या, दिवसात एकदा वापरायच्या. हिशेब सगळ्यांचा एक. तोल उत्तम साधला. विझार्ड आणि फायटर यांची तीस वर्षांची जुनी रड मिटली. आणि खेळाडू म्हणायला लागले की सगळे क्लास सारखेच वाटतात. मंत्रांची नावं वेगळी होती, वर्णनं वेगळी होती, जादूचा उगमही वेगवेगळा सांगितला होता. एकच गोष्ट सारखी केली होती, संपण्याची रीत. तेवढ्याने सगळे एका रंगाचे झाले. चौथी आवृत्ती वाईट नव्हती. लढाईचा खेळ म्हणून ती मला आजही आवडते. पण हा धडा तिने फार महागात शिकवला.

पाचव्या आवृत्तीने तो घेतला. २०१४ च्या पुस्तकातला वॉरलॉक इतका विचित्र आहे की त्याच्यासाठी थोडं गणित करावंच लागतं. पाचव्या पातळीची तिघं घ्या. विझार्डकडे नऊ स्लॉट : पहिल्या पातळीचे चार, दुसऱ्याचे तीन, तिसऱ्याचे दोन. सॉर्सररकडे तेवढेच, वर पाच पॉइंट. वॉरलॉककडे स्लॉट फक्त दोन, पण दोन्ही तिसऱ्या पातळीचे. विझार्ड-सॉर्सररचे स्लॉट रात्रीच्या आठ तासांच्या झोपेने भरतात, ती लाँग रेस्ट. वॉरलॉकचे तासाभराच्या विश्रांतीत भरतात, ती शॉर्ट रेस्ट.

आता फायरबॉल मोजा. फीन्डशी, म्हणजे सैतानी शक्तीशी, करार केलेल्या वॉरलॉकला तो मिळतो. डीएमच्या पुस्तकाने गृहीत धरलेला दिवस असा आहे : मध्यम ते अवघड अशा सहा ते आठ चकमकी आणि मध्ये दोन शॉर्ट रेस्ट. अशा दिवसात वॉरलॉक सहा फायरबॉल टाकतो. विझार्ड दोन स्वतःचे आणि एक थोड्या विश्रांतीत सावरून आणलेला, मिळून तीन. सॉर्सररने सगळे पॉइंट मोडले तर त्याचेही तीनच. दोन स्लॉटवाला भिकारी दुप्पट मारा करून जातो. आता तोच दिवस शॉर्ट रेस्टशिवाय खेळा. वॉरलॉकचे दोन फायरबॉल, मग उरलेला सगळा वेळ ‘एल्ड्रिच ब्लास्ट’ हा कॅन्ट्रिप आणि दुसऱ्यांकडे बघणं. विझार्डकडे नऊ मंत्र तसेच.

आपल्यातल्या बहुतेक टेबलांवर हा दुसरा दिवसच चालतो. नोकऱ्या सांभाळून चौघांचे रविवार जुळवायचे, त्यात एक जण न्यू जर्सीतून व्हिडिओवर, त्याची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ. तीन-चार तासांच्या सेशनमध्ये गप्पा, चहा, बाजारहाट आणि एक मोठी लढाई. कथेतला दिवस एका लढाईत संपतो. अशा टेबलावर वॉरलॉक घेतलेला मुलगा दोन सेशन रडत खेळतो आणि शेवटी म्हणतो, क्लासच कमजोर आहे. क्लास कमजोर नाही, त्याला लागणारा तास कुणी देत नाहीये. २०२३ साली आलेल्या ‘बाल्डर्स गेट ३’ने यात भर घातली. आपल्याकडची बरीच तरुण मुलं त्या व्हिडिओ गेममधून टेबलाकडे येतात. तिथे शिधा मुबलक सापडतो, त्यामुळे दर दोन लढायांनंतर तळ ठोकून झोपायला मोकळीक असते. तीच सवय घेऊन ती येतात आणि तिचा फायदा कुणाला होतो? सगळं एकाच लढाईत उधळू शकणाऱ्या विझार्डला.

म्हणून कुठला क्लास ताकदवान, या प्रश्नाला नुसतं पुस्तक वाचून उत्तर देता येत नाही. डीएम दिवसात किती वेळा श्वास घेऊ देतो, त्यावर ते ठरतं. पुढे प्रत्येक प्रकरणात मी आकड्यांच्या दोन ओळी दिल्या आहेत, एक सहा चकमकींच्या दिवसाची, एक एकाच लढाईच्या दिवसाची. आपल्या टेबलाला लागू पडेल ती वाचावी.

ड्रुइडकडे मी थोड्या संशयाने बघतो हे आधीच सांगितलेलं बरं. तो १९७६ साली ‘एल्ड्रिच विझर्ड्री’ पुरवणीत खेळाडूंच्या हाती आला. त्याआधी ‘ग्रेहॉक’मध्ये शत्रू म्हणून होता. क्लेरिकसारखी यादी, वर प्राण्याचं रूप घेणं. आणि या रूप घेण्याने हिशेबाची वेगळीच वही उघडली. २०१४ च्या पुस्तकातला दुसऱ्या पातळीचा ‘सर्कल ऑफ द मून’चा ड्रुइड तपकिरी अस्वल होतो. अस्वलाचे जीवगुण ३४, शेजारच्या विझार्डचे १४ च्या आसपास. अस्वल मेलं की ड्रुइड आपल्या मूळ जीवासकट बाहेर, आणि हे शॉर्ट रेस्टमागे दोनदा. मंत्र संपले तर अस्वल, अस्वल संपलं तर मंत्र. अस्वलाच्या रूपात मंत्र टाकता येत नाही, पण आधी टाकलेल्या मंत्रावर मन एकाग्र ठेवता येतं. सुरुवातीच्या दोन-तीन पातळ्यांवर याला आवरणारा डीएम मी पाहिलेला नाही. २०२४ च्या पुस्तकाने हे कापलं : आता जीव तुमचाच राहतो, वर पातळीच्या हिशेबाने थोडा तात्पुरता आधार.

बार्डवर या प्रस्तावनेत फार थांबत नाही, कारण त्याचं प्रकरण सगळ्यांत लांब झालं आहे. एवढंच सांगतो, की १९७८ च्या पुस्तकात बार्ड होण्यासाठी आधी फायटर, मग चोर, मग ड्रुइडांकडे शागिर्दी अशी वाट तुडवावी लागे, आणि तो पुस्तकाच्या परिशिष्टात होता. तिसऱ्या आवृत्तीत त्याला सहाव्या पातळीपर्यंतचेच मंत्र. पाचव्या आवृत्तीत तो नवव्या पातळीपर्यंत पूर्ण जादूगार झाला, दुसऱ्यांच्या याद्यांतून मंत्रही उचलायला लागला. त्याचं खास चलन म्हणजे दुसऱ्याला दिलेला फासा. स्वतःच्या खिशातून काढून सोबत्याच्या हातात ठेवायचा, आणि त्याने योग्य वेळी टाकायचा. इतर पाच जण आपली जादू आपण संपवतात. बार्डची दुसरा संपवतो, आणि कित्येकदा वापरायचीच विसरतो.

एक गोष्ट सहाही जणांना समान बांधते आणि तिची आठवण प्रकरणागणिक करून देणार आहे, ती म्हणजे एकाग्रता. तिसऱ्या आवृत्तीचा विझार्ड लढाईपूर्वी उडायचा, अदृश्य व्हायचा, चिलखतासारखे चार मंत्र अंगावर चढवायचा, आणि मग लढाई नावापुरती उरायची. पाचव्या आवृत्तीत टिकून राहणाऱ्या बहुतेक मंत्रांना एकाग्रता लागते आणि ती एका वेळी एकाच मंत्राला देता येते. फटका बसला तर फासा टाकून ती टिकवावी लागते. स्लॉटपेक्षाही हा लगाम जास्त परिणामकारक आहे असं मला वाटतं. नवे खेळाडू याद्या वाचताना त्याकडे दुर्लक्ष करतात आणि मग एकत्र चालूच न शकणारे चार मंत्र घेऊन बसतात.

हा एकच खेळ आहे का? मुळीच नाही. केन सेंट आंद्रेच्या ‘टनेल्स अँड ट्रोल्स’मध्ये १९७५ सालीच मंत्राची किंमत जादूगाराच्या अंगातल्या ताकदीतून वजा होत होती, तिथला जादूगार खरोखर दमतो. १९८७ च्या ‘आर्स मॅजिका’त मंत्रांची बंद यादी पुरत नाही, पाच क्रियापदं आणि दहा नामं जोडून जागच्या जागी जादू रचता येते. तिचा एक कर्ता जोनाथन ट्वीट हाच पुढे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या तिसऱ्या आवृत्तीच्या मुख्य रचनाकारांत होता, हे कळल्यावर सॉर्सररच्या मोकळेपणाचं मला फारसं नवल वाटलं नाही. ‘डंजन क्रॉल क्लासिक्स’मध्ये मंत्र टाकतानाच फासा पडतो आणि वाईट पडला तर जादूगाराच्या शरीरात कायमचा बिघाड होतो. हे खेळ मला प्रिय आहेत, पण त्यांच्यात जादूगारांचे हे सहा सवते संसार नाहीत, म्हणून ते शेवटच्या प्रकरणापुरते आले आहेत.

पॅलाडिन, रेंजर आणि आर्टिफिसर यांना मी बाहेर ठेवलं आहे. ते जादू करतात, पण त्यांचा संसार तलवारीवर आणि हत्यारांवर चालतो. त्यांना इथे आणलं असतं तर तुलनेचे सांधे खिळखिळे झाले असते. तक्रार करणारे करतील.

आवृत्तीबद्दल शेवटचं. आकडे मुख्यतः २०१४ च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मधले आहेत, कारण आपल्याकडे अजून बहुतेक टेबलांवर तेच फाटकं पुस्तक किंवा त्याची झेरॉक्स फिरते. २०२४ च्या पुस्तकात सगळ्याच क्लासच्या मंत्रांना ‘तयार मंत्र’ म्हटलं आहे, सॉर्सररची संख्या १५ वरून २२ वर गेली आहे, आणि पेट्रन (वॉरलॉक ज्याच्याशी करार करतो तो) किंवा डोमेन (क्लेरिकच्या देवाचं क्षेत्र) निवडायची वेळ तिसऱ्या पातळीवर ढकलली आहे. जिथे या बदलाने माझा निष्कर्ष बदलतो तिथे समासात चांदणी छापली आहे. तिसऱ्या आवृत्तीचे आकडे प्रकरणाच्या शेवटी स्वतंत्र चौकटीत आहेत. ज्यांनी अजून पात्र निवडलेलं नाही त्यांनी विझार्डचं प्रकरण आधी वाचू नये. ते लांब आहे, आणि त्यातला पोथीचा भाग वाचून बाकीच्या पाच जणांकडे बघायची इच्छाच राहत नाही. वॉरलॉकपासून सुरुवात करावी, आणि ती करण्याआधी आपल्या डीएमला फोन करून विचारावं, ‘‘शॉर्ट रेस्ट देणार आहेस का?’’